पिंपल परत आले म्हणजे औषध वाया गेलं असं नाही

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत आरोग्याच्या सत्रात झालेलं हे बोलणं. ज्या तायांना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे सविस्तर देत आहोत. गटाच्या बैठकीत एकीने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं.)



हप्त्याचा हिशेब झाला, कर्जाची मागणी लिहून झाली. आता दहा-पंधरा मिनिटं चेहऱ्याबद्दल बोलू. काहीजणी हसल्या. "पिंपलवर काय बोलायचं? वयात आलं की येतात, लग्न झालं की जातात," असं आपल्याकडे म्हणतात. पण लग्न झालेल्या, दोन लेकरांच्या आईलाही पिंपल येतात. आणि औषध घेऊन गेलेले पिंपल परत आले की ती बाई किंवा ती पोरगी काय काय करते, किती पैसे घालवते आणि कुठल्या धोक्यात जाते, हे घरात कुणाला कळतही नाही. म्हणून हा विषय घेतला.

पिंपल, मुरूम, पुटकुळ्या, तारुण्यपीटिका ही सगळी एकाच दुखण्याची नावं आहेत.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा. पिंपल परत आले याचा अर्थ औषध खोटं होतं असा नाही, आणि पोरीने काही चूक केली असाही नाही. शुगर, बीपी, दमा ही दुखणी कशी एकदा औषध घेऊन कायमची जात नाहीत, ताब्यात ठेवावी लागतात? पिंपलचं बऱ्याच जणींच्या बाबतीत तसंच आहे. काही वर्षं ते ताब्यात ठेवायचे असतात. हे आधी कुणी सांगत नाही, म्हणून ते परत आले की आपण घाबरतो आणि मिळेल ती ट्यूब फासतो.

पिंपल येतात कशाने?

आपल्या कातडीत केसांच्या मुळाशी तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. वयात येताना शरीरात हार्मोन वाढतात, तेल जास्त सुटतं. त्या छिद्राच्या तोंडाशी मेलेली कातडी साचते आणि छिद्र बुजतं. आत तेल अडकतं. तिथे कातडीवर नेहमी राहणारे जंतू वाढतात, मग सूज येते, पू होतो. म्हणजे तेल, बुजलेलं छिद्र, जंतू आणि सूज अशा चार गोष्टी एकत्र आल्या की पिंपल होतो.

औषध या चारपैकी एकदोन गोष्टींवर काम करतं. औषध बंद झालं तरी तेलाच्या ग्रंथी तिथेच असतात, हार्मोनही तिथेच असतात. म्हणून ते परत येऊ शकतात.

यात घाणीचा दोष नाही, हेही लक्षात ठेवा. "तोंड धूत नाही म्हणून फोड येतात" असं पोरीला बोलू नका. दिवसातून दोनदा साध्या साबणाने किंवा फेसवॉशने हलक्या हाताने तोंड धुतलं की पुरे. २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथल्या बायांना पाणी जपून वापरा हे मी सांगायची गरज नाही. इथे तर पाणी जपल्याने चेहऱ्याचंही भलंच होतं. दहादा धुऊन, घासून कातडी कोरडी पडते, चुरचुरते आणि पिंपल जास्त भडकतात.

परत आले, तर आधी कारण शोधा

औषध बदलायच्या आधी कारण बघायचं. मी सहा कारणं सांगते. आपलं कुठलं आहे ते ज्याचं त्याने ताडून बघा.

पहिलं कारण, औषध लवकर सोडलं. हे सगळ्यात जास्त दिसतं. डॉक्टर ट्यूब देतात. पंधरा दिवस लावली, फरक नाही, सोडली. किंवा महिन्यात चेहरा साफ झाला, "झालं बरं" म्हणून सोडली. पिंपलच्या कुठल्याही औषधाला दोन ते तीन महिने द्यावे लागतात. अडापलीन नावाची ट्यूब लावायला लागलं की पहिल्या काही आठवड्यांत चेहरा उलट जास्त खराब दिसू शकतो, कातडी सोलते. तेव्हाच पोरी ती फेकून देतात. अशा वेळी डॉक्टरला विचारून एक दिवसाआड लावता येते, पण सोडायची नाही. चेहरा साफ झाल्यावरही हीच ट्यूब रात्री लावत राहायला डॉक्टर सांगतात, काही महिने, कधी त्याहून जास्त. पिंपल ताब्यात ठेवायचे म्हणतात ते हेच.

दुसरं कारण, नुसत्या अँटिबायोटिकवर भर दिला. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या, क्लिंडामायसिनची ट्यूब ही जंतूंवरची औषधं आहेत. पण एकटी अँटिबायोटिक वापरली तर जंतू तिला सरावतात, मग ती लागू पडत नाही. म्हणून डॉक्टर सोबत बेंझॉइल पेरॉक्साइडची ट्यूब देतात. तिला जंतू सरावत नाहीत. गोळ्याही साधारण तीन महिन्यांच्या पुढे चालू ठेवत नाहीत. जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून वर्षभर त्याच गोळ्या आणत राहणं बरोबर नाही. गोळ्यांच्या पट्टीवर उभी लाल रेषा असते ना, ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही याची खूण आहे. २०१६ पासून सरकारने ही लाल रेषा लोकांना समजावून सांगायला सुरुवात केली.

तिसरं कारण, स्टेरॉइडची ट्यूब. यावर पुढे वेगळं बोलते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं.

चौथं कारण, हार्मोन. पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने येत नाही, हनुवटीवर आणि ओठावर जाड केस येतात, डोक्याचे केस विरळ होतात, वजन वाढतं, आणि पिंपल जबड्याच्या कडेला, हनुवटीवर, मानेवर येतात. अशी लक्षणं असतील तर ते पीसीओएस असू शकतं. तिथे नुसत्या ट्यूबने भागत नाही. बाईच्या डॉक्टरला दाखवून रक्ताच्या तपासण्या आणि गरज पडली तर सोनोग्राफी करावी लागते. पंचविशीनंतर पिंपल सुरू झाले किंवा हटत नसले तर पाळीचा प्रश्न डॉक्टरला आपणहून सांगा. लाजू नका. पिंपलच्या डॉक्टरला पाळीचं काय सांगायचं, असं वाटतं; पण दोन्हींचं मूळ एकच असू शकतं.

पाचवं कारण, दुसरं एखादं औषध. टीबीचं आयसोनियाझिड, फिट्सवरची काही औषधं, मानसिक आजारावरची काही औषधं, पोटातून घेतलेलं स्टेरॉइड यांनी पिंपलसारखे फोड येतात. पण नीट ऐका. टीबीची किंवा फिट्सची गोळी पिंपलसाठी स्वतःहून कधीच बंद करायची नाही. डॉक्टरला फक्त सांगायचं की ही गोळी चालू आहे. मार्ग ते काढतील.

सहावं कारण, ते पिंपल नसतीलच. कपाळावर, छातीवर, पाठीवर एकसारखे बारीक फोड आणि खूप खाज असेल तर ती बुरशी असू शकते. अँटिबायोटिक घेतल्यावर ती वाढते आणि तिचं औषध वेगळं असतं. पिंपलला सहसा एवढी खाज नसते.

स्टेरॉइडची ट्यूब आणि गोरं करणाऱ्या डब्या

आता महत्त्वाचं. मेडिकलवर जाऊन "चेहऱ्याला काहीतरी द्या" म्हटलं, किंवा पार्लरमध्ये कुणी सांगितलं, किंवा शेजारणीने तिची उरलेली दिली, अशी एक ट्यूब घरोघरी असते. लावली की दोन-तीन दिवसांत चेहरा गुळगुळीत, उजळ दिसतो. सगळ्या म्हणतात, काय गुण आला! त्या ट्यूबवर बारीक अक्षरात बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांतलं एखादं नाव आहे का बघा. नाव इंग्रजीत असेल तर शाळेत जाणाऱ्या लेकराकडून वाचून घ्या. असेल तर ते स्टेरॉइड आहे.

स्टेरॉइड हे वाईट औषध नाही. इसब, सोरायसिस अशा दुखण्यांत डॉक्टर ते ठरावीक दिवस देतात. पण पिंपलवर महिनोन्महिने चेहऱ्याला लावलं तर कातडी पातळ होते, लालबुंद होते, बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात, उन्हात आणि चुलीपुढे आग होते, गालावर केस वाढतात आणि नवे फोड येतात. ट्यूब थांबवली की दोन दिवसांत चेहरा पेटतो. म्हणून बाई घाबरून परत लावते. दारू सोडली की हात थरथरतात आणि माणूस परत पितो, तसंच हे चक्र आहे. देशभरातल्या त्वचारोग डॉक्टरांनी याविरुद्ध बरीच वर्षं आवाज उठवला. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने स्टेरॉइडच्या १४ मलमांची चिठ्ठीशिवाय विकायची सूट काढून घेतली. म्हणजे आज ती ट्यूब चिठ्ठीशिवाय देणं नियमाला धरून नाही. तरी मागितली की मिळते, हे आपल्याला माहीत आहे. म्हणून आपणच मागायची नाही.

कुणाच्या चेहऱ्यावर अशी ट्यूब खूप दिवस चालू असेल, तर हे ऐकून आजच फेकून देऊ नका. ती ट्यूब घेऊन त्वचारोग डॉक्टरकडे जा. ती कशी कमी करायची आणि मधले दिवस काय लावायचं, हे ते सांगतात. चेहरा ताळ्यावर यायला काही महिने लागू शकतात, पण येतो.

दुसरा धोका बिननावाच्या डब्यांचा. ना कंपनीचा पत्ता, ना त्यात काय आहे याची यादी, ना तारीख. अशा गोरं करणाऱ्या काही क्रीममध्ये पारा सापडलेला आहे. पारा कातडीतून आत जातो आणि किडनीला मारतो. अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींना अशी क्रीम लावून किडनीचा त्रास झाल्याची बातमी वर्तमानपत्रांत आली होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्याचा छडा लागला. पिंपलचा डाग राहिला तर चेहरा थोडा खराब दिसेल. किडनी गेली तर काय काय जाईल, हे डायलिसिसला जाणारं माणूस ज्या घरात आहे त्यांना विचारा.

आणि एक आपल्याच घरातली गोष्ट. आपले काही गट साबण, उटणं, कोरफडीचं जेल बनवतात. छान आहे, विका. पण त्यावर "पिंपल मुळापासून जातात" असं लिहू नका. बाहेरच्यांनी आपल्याला फसवू नये असं वाटतं ना? मग आपणही कुणाला तसं सांगू नये.

परत आल्यावर डॉक्टर काय करू शकतात?

हे माहीत असलं की डॉक्टरपुढे बसल्यावर आपल्याला विचारता येतं.

थोडे पिंपल असतील तर पुन्हा ट्यूबच. सकाळी बेंझॉइल पेरॉक्साइड, रात्री अडापलीन, किंवा दोन्ही एकत्र असलेली. लावायची पद्धत अशी: तोंड धुऊन, कोरडं करून, पूर्ण चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढंच औषध, पातळ थरात. फक्त फोडावर टिकलीसारखं लावायचं नाही, कारण उद्याचा पिंपल आज दिसत नसतो. जास्त लावल्याने लवकर गुण येत नाही, आग मात्र होते. बेंझॉइल पेरॉक्साइडने कपड्याचा रंग उडतो, म्हणून चांगल्या ओढणीला, उशीच्या अभ्र्याला लागू देऊ नका.

पू असलेले, दुखणारे खूप फोड असतील तर डॉक्सिसायक्लिनसारखी गोळी काही आठवडे आणि सोबत ट्यूब. ही गोळी भरपूर पाण्यासोबत, बसून घ्यायची. घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका भाजल्यासारखी होते. लोहाची गोळी चालू असेल तर दोन्ही एकाच वेळी घेऊ नका. लोहामुळे ही गोळी अंगी लागत नाही. या गोळीने ऊन लवकर बाधतं. खुरपायला, सोयाबीन काढायला रानात जाणारीने पदर, रुमाल, टोपी जे असेल ते घ्यावं. गरोदर बाईला ही गोळी चालत नाही.

हार्मोनचं कारण निघालं तर डॉक्टर काही जणींना हार्मोनच्या गोळ्या किंवा स्पायरोनोलॅक्टोन देतात. या तपासूनच द्यायच्या असतात. बीपी, पाय दुखून सुजणं, अर्धशिशी, तंबाखू-मिश्रीची सवय हे सगळं सांगावं लागतं. पीसीओएसमध्ये वजन थोडं जरी उतरलं तरी पाळीला मदत होते.

खोल गाठी येतात, खड्डे पडतात, किंवा बाकी सगळं करून पिंपल परत येतात, अशा वेळी आयसोट्रेटिनॉइन नावाची कॅप्सूल देतात. ही पिंपलवरची सगळ्यात जोरकस गोळी. तेलाच्या ग्रंथीच आकसवते. वजनाप्रमाणे मात्रा ठरते आणि सहसा चार-सहा महिने किंवा थोडी जास्त घ्यावी लागते. ओठ फुटतात, डोळे कोरडे पडतात. लिव्हर आणि चरबीची रक्ततपासणी करतात. मन खूप उदास झालं तर लगेच डॉक्टरला कळवायचं असतं.

ही गोळी घेऊनही पिंपल परत येतात का? काहींना येतात. अमेरिकेत ही गोळी घेतलेल्या जवळपास २० हजार जणांच्या नोंदी अलीकडे तपासल्या, तेव्हा शंभरातल्या २२-२३ जणांना पिंपल परत आले होते. पण पुन्हा तीच गोळी शंभरातल्या फक्त ८ जणांनाच घ्यावी लागली. ज्यांचा पूर्ण डोस झाला होता त्यांना परत यायचं प्रमाण कमी होतं. म्हणजे दोन गोष्टी. एक, मध्येच गोळी सोडू नका. दोन, परत आले तर बहुतेक वेळा ते कमी असतात आणि ट्यूबवर भागतं. नाहीच भागलं तर डॉक्टर मध्ये अंतर ठेवून दुसऱ्यांदा ही गोळी देऊ शकतात.

लग्न ठरलेल्या पोरीच्या आईने हे नक्की वाचावं

आयसोट्रेटिनॉइन चालू असताना दिवस गेले तर पोटातल्या बाळाला गंभीर व्यंग येऊ शकतं. मेंदू, हृदय, कान, चेहरा यांची घडण बिघडते, गर्भपातही होऊ शकतो. म्हणून गोळी सुरू करण्याआधी गरोदर नाही याची तपासणी, गोळी चालू असताना खात्रीचं गर्भनिरोधक, आणि गोळी बंद केल्यावर निदान एक महिना दिवस जाऊ द्यायचे नाहीत. एवढे दिवस रक्तदानही करायचं नाही, कारण ते रक्त गरोदर बाईला चढू शकतं.

आता आपल्याकडे काय घडू शकतं ते बघा. समजा पोरगी लातूरला क्लासला आहे, होस्टेलवर राहते. चेहऱ्याला गोळी चालू आहे. दिवाळीत गावी आली, पाहुणे बघून गेले, तुळशीचं लग्न झालं की पंधरा दिवसांत हिचंही उरकलं. सासरी कुणाला गोळीचं माहीत नाही, ती सांगायला लाजते. "लग्नात चेहरा चांगला दिसावा" म्हणून गोळी चालूच ठेवते. महिन्याने पाळी चुकते. बघा, धोका किती जवळ आहे! आणि यात पोरीचा काय दोष? तिला कुणी विचारलंच नाही, सांगितलंच नाही.

म्हणून आईने, काकूने, मोठ्या बहिणीने पोरीला शांतपणे विचारावं, "माय, तुला चेहऱ्याची कुठली गोळी चालू आहे?" लग्नाची बोलणी सुरू झाली की डॉक्टरला सांगा. गोळी चालू असताना लग्न झालेलं असेल तर गर्भनिरोधकाबद्दल आशाताईला किंवा नर्सबाईला विचारा. पाळी चुकली तर गोळी त्याच दिवशी बंद करून डॉक्टरकडे जा. आणि एकीच्या उरलेल्या कॅप्सूल दुसरीला कधीही देऊ नका. बहिणीला नाही, नणंदेला तर नाहीच.

अडापलीनची ट्यूबही दिवस राहिल्यावर बंद करतात. गरोदर बाईला पिंपलचा त्रास झाला तर अझेलाइक ॲसिडसारखी चालणारी औषधं आहेत. डॉक्टरला दिवस गेल्याचं सांगितलं की ते तीच देतात.

घरगुती उपायांचं काय?

लिंबू चोळू नका. लिंबू लावून उन्हात गेलं तर कातडी भाजून काळे डाग पडतात. टूथपेस्ट, सोडा, लसूण हेही नको. फोड फोडू नका. नखाने फोडलेल्याचा खड्डा राहतो. केसांना तेल लावलंत तर ते कपाळावर ओघळू देऊ नका. गाडीवर जाताना तोंडाला जो स्कार्फ बांधता, तो घामाने भिजतो, रोज धुवा. हळद-बेसनाने अपाय होत नसेल तर कधीतरी लावा, पण त्यासाठी औषध बंद करू नका.

तिखट, तेलकट खाल्ल्याने पिंपल येतात असं सगळे म्हणतात. त्याला पक्का आधार नाही. साखर, गोड चहा, बिस्किटं, मैदा जास्त खाणाऱ्यांना पिंपल जास्त, असा संबंध मात्र दिसला आहे. म्हणजे आपली ज्वारीची भाकरी आणि वरण बरं. चहा-बिस्किटावर दिवस काढणाऱ्या होस्टेलच्या पोरींना हे सांगा.

फोड बसल्यावर जो काळा डाग राहतो, तो पिंपल नाही. तो काही महिन्यांत हळूहळू फिका होतो. त्यासाठी घाईने गोरं करणारी ट्यूब आणू नका. उन्हापासून चेहरा झाका.

जायचं कुठे?

गावातल्या उपकेंद्रात, आरोग्यवर्धिनी केंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी असतात. त्यांच्याकडून ई-संजीवनीवर डॉक्टरशी व्हिडिओवर बोलता येतं, चेहरा दाखवता येतो. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय इथे १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्य सरकारने तपासणी आणि उपचार मोफत केले आहेत. वयात आलेल्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत मैत्री क्लिनिक असतं, तिथेही विचारता येतं. त्वचेच्या तज्ज्ञ डॉक्टरसाठी नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे.

तिथे एक अडचण येते, ती आधीच सांगते. या विभागाच्या पाटीवर त्वचारोगाच्या शेजारी गुप्तरोग, कुष्ठरोग असंही लिहिलेलं असतं. ते वाचून बाया दारातून परत फिरतात. "कुणी बघितलं तर काय म्हणतील!" अहो, एकाच शाखेचे डॉक्टर हे सगळे आजार बघतात, म्हणून तशी पाटी असते. त्या ओळीत खरजेचं लेकरूही असतं आणि नखं खराब झालेली आजीही असते. एकटीला संकोच वाटत असेल तर गटातली एखादी सोबत घ्या. कर्जाला जामीन राहतो, तर दवाखान्याला सोबत का जाऊ नये?

जाताना या गोष्टी पिशवीत टाका: आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या, चालू असलेल्या आणि संपलेल्या ट्यूब, पट्ट्या, रिकाम्या असल्या तरी, पाळीच्या शेवटच्या तीन तारखा लिहिलेला कागद, आणि मोबाईलमध्ये चेहऱ्याचा पिंपल जास्त असतानाचा फोटो. काय घेतलं, किती दिवस घेतलं, कधी सोडलं, सोडल्यावर किती दिवसांनी परत आले, ही चार उत्तरं तयार ठेवा. यावरूनच डॉक्टरला कळतं की तेच औषध पुन्हा द्यायचं की बदलायचं. चिठ्ठीवर कंपनीच्या नावासोबत औषधाचं मूळ नाव लिहून मागा. जनऔषधी केंद्रात तेच औषध स्वस्तात मिळू शकतं. निघताना विचारा, "साहेब, चेहरा साफ झाल्यावर काय लावत राहायचं, आणि किती दिवस?"

घरातल्या बोलण्याबद्दल

पिंपलने जीव जात नाही, हे खरं. पण पोरगी आरशापुढून हटत नाही, शाळेत मागच्या बाकावर बसते, फोटोत येत नाही, लग्नकार्याला यायचं टाळते, हे आपण बघतो. वरून आपणच म्हणतो, "तोंड बघ कसं झालंय, कोण करील तुला!" ज्या पोरीने सहा महिने नेमाने औषध लावलं आणि तरी परत फोड आले, तिला हे वाक्य किती लागत असेल! मग ती चोरून ट्यूब आणते. म्हणजे आपल्याच बोलण्याने ती त्या डबीपर्यंत पोचते. स्थळ बघायला आलेल्या पाहुण्यांनी चेहऱ्यावरून बोललं, तर त्यांना उत्तर आपण द्यायचं, तिला एकटीला सोडायचं नाही. पोरगी फार गप्प झाली, जेवेना, झोपेना, जिवाचं बरंवाईट बोलायला लागली, तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी मोफत नंबर आहे. दिवसा-रात्री कधीही लावा.

पुढच्या बैठकीपर्यंत तीन कामं

एक, घरातल्या सगळ्या ट्यूब गोळा करून नावं वाचा. स्टेरॉइड निघालं तर वर सांगितल्याप्रमाणे डॉक्टरला दाखवा. बिननावाची डबी चेहऱ्याला लावणं बंद करा. खूप दिवस लावली असेल आणि तोंडावर-पायावर सूज किंवा लघवीला फेस असेल तर लगेच दवाखाना गाठा.

दोन, ज्या घरात वयात आलेली पोरगी आहे तिथे "कुठली गोळी चालू आहे" हा प्रश्न एकदा प्रेमाने विचारा.

तीन, गटाच्या बैठकीत कुणी क्रीम विकायला आलं तर तीन गोष्टी मागायच्या: त्यात काय आहे त्याची यादी, बनवणाऱ्याचा पत्ता आणि पक्की पावती. तिन्ही मिळाल्याशिवाय गटाचा एक रुपयाही द्यायचा नाही. पावती दिली तरी "आठ दिवसांत पिंपल गायब" म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. आठ दिवसांत पिकणारं पीक आपल्या कुणाच्याच रानात नाही, आणि आठ दिवसांत जाणारे पिंपलही नाहीत.

प्रश्न असतील तर कागदावर लिहून आपल्या प्रेरिकाताईकडे द्या, नाव लिहायची गरज नाही. पुढच्या अंकात उत्तरं देऊ.